लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकाने टीचिंग फिलॉसॉफी कशी लिहावी

महाविद्यालयात लेखन शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे कधी ना कधी एक कागद मागितला जातो: तुमची अध्यापनभूमिका काय आणि संशोधनाचे विषय कोणते. मुलाखतीच्या फाइलला तो जोडायचा असतो, संकेतस्थळावर प्राध्यापकांच्या माहितीत टाकायचा असतो, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, तयारीत विभागप्रमुखांना हवा असतो. परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी त्याशिवाय चालत नाही. आपल्याकडे त्याला सरळ ‘टीचिंग फिलॉसॉफी’ म्हणतात, आणि या भारदस्त नावामुळेच लिहिणारा पहिल्या ओळीपासून आकाशात जातो. ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’, ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘विद्यार्थीकेंद्रित अध्यापन’. वाचणाऱ्याला त्यातून वर्ग दिसत नाही.

यावर उपाय एकच आहे. भूमिका डोक्यातून काढायची नाही, वह्यांतून काढायची. आपण लेखन शिकवताना प्रत्यक्ष काय करतो ते विद्यार्थ्यांच्या वह्यांत आपल्याच हातच्या लाल शाईने लिहिलेलं असतं. ते वाचायचं, मोजायचं आणि मग कागदावर मांडायचं. खालची पद्धत सोलापुरातला वर्ग डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार घरभाषांची मुलं जिथे एका बाकावर बसतात, तिथे लेखनशिक्षकाला भूमिका असावीच लागते. ती शब्दांत आणणं तेवढं राहिलेलं असतं.

आधी वह्या काढा

मागच्या दोन सत्रांतले तुम्ही दिलेले तीन स्वाध्याय घ्या, आणि सहा विद्यार्थ्यांच्या वह्या: दोन चांगलं लिहिणाऱ्यांच्या, दोन मध्यम, दोन अडखळणाऱ्यांच्या. मूळ वह्या परत दिल्या असतील तर झेरॉक्स चालेल. पहिला खर्डा आणि दुसरा खर्डा दोन्ही मिळाले तर सोन्याहून पिवळं.

आता एका कोऱ्या कागदावर चार रकाने पाडा. शुद्धलेखन. वाक्यरचना. मुद्द्यांचा क्रम. वाचकाला काय कळलं, काय नाही. वहीतली तुमची प्रत्येक खूण, प्रत्येक शेरा यांपैकी एका रकान्यात मांडत जा. सहा वह्यांना साधारण दीड तास लागतो. समजा ५० खुणांपैकी ४१ ऱ्हस्व-दीर्घाच्या निघाल्या, तर ‘मी विचारांच्या मांडणीला सर्वाधिक महत्त्व देतो’ हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. एक तर वाक्य बदला, नाही तर पुढच्या सत्रापासून खुणा बदला. हा दीड तास वगळून लिहिलेली भूमिका मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गडगडते, कारण विचारणारा हमखास म्हणतो, ‘एखादं उदाहरण सांगा.’

मोजताना आणखी एक गोष्ट बघा. जिथे तुम्ही चूक स्वतःच दुरुस्त करून दिली, तिथे विद्यार्थ्याने पुढच्या खर्ड्यात काय केलं? बहुतेक वेळा तुमची दुरुस्ती जशीच्या तशी उतरवली आणि बाकीचं लेखन आहे तिथेच राहिलं. जिथे प्रश्न विचारला होता, तिथे काही तरी हललेलं दिसतं. हा फरक तुमच्याच वह्यांत सापडला, तर तो भूमिकेचा कणा होऊ शकतो.

एक परिच्छेद जवळून

कृती समजावून सांगणाऱ्या लेखनासाठी शेंगाचटणीचा विषय सोलापुरात फार उपयोगी पडतो, कारण ती प्रत्येकाने बघितलेली असते आणि बऱ्याच जणांनी कुटलेलीही असते. ‘ज्याने ही चटणी कधीच पाहिली नाही त्याला ती करता येईल असं लिहा’ एवढीच सूचना द्यायची. पहिला खर्डा साधारण असा येतो:

‘शेंगदाणे चांगले भाजून घ्यावेत. त्यात लसूण, जिरे, तिखट व मीठ घालून कुटावे. अशा प्रकारे चवदार शेंगाचटणी तयार होते.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लाल शाईला काम नाही. तरीही या परिच्छेदावरून कोणालाही चटणी करता येणार नाही. भाजून कुठवर न्यायचे? साल काढायचं की ठेवायचं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, कुटायचं कधी थांबवायचं? दाण्याचा कूट आणि शेंगाचटणी यांतला फरक तिथेच आहे. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं, पूड दाबली तर गोळा धरायला लागते, उखळाच्या कडेला चटणी चिकटते. लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याच्या हाताला माहीत असतं, म्हणूनच ते कागदावर उतरत नाही.

इथे शेरा एकच लिहायचा: ‘कुटणं कधी थांबवायचं हे वाचकाला कशावरून कळेल?’ तीन प्रश्न लिहिले तर विद्यार्थी सर्वांत सोपा निवडतो आणि साल काढायची ओळ घालून वही परत देतो. एकच प्रश्न असला की विद्यार्थ्याला त्याच प्रश्नाला सामोरं जावं लागतं. दुसऱ्या खर्ड्यात तेल येतं, गोळा येतो, कधी कधी वासही येतो.

आता हे भूमिकेत कसं आणायचं ते बघा. कच्चं वाक्य असं असतं:

‘मी विद्यार्थ्यांमध्ये प्रभावी संप्रेषण कौशल्ये विकसित करण्यावर भर देतो व सर्जनशीलतेला प्रोत्साहन देतो.’

या वाक्यातून तुमचा विषय काढून भूगोल घाला. वाक्य तसंच उभं राहतं. मग ते लेखनशिक्षकाचं वाक्य नाही, खोडा. त्याच जागी वहीतून आलेलं असं ठेवा:

‘माझ्या विद्यार्थ्यांची अडचण सहसा माहिती नसण्याची नसते. स्वतःला जे सहज माहीत आहे ते वाचकाला माहीत नाही, हे लिहिताना ध्यानात येत नाही. म्हणून पहिल्या खर्ड्यावर मी दुरुस्त्या करत नाही, एकच प्रश्न लिहितो, आणि तो वाचकाच्या बाजूने असतो. शेंगाचटणीची कृती लिहिताना “कुटणं कधी थांबवायचं?” एवढंच विचारलं की विद्यार्थी तेल सुटण्याची खूण लिहितो. गुण देताना पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यातला हा बदल मी पाहतो.’

चार गोष्टी आल्या: काय मानता, म्हणून काय करता, त्याचा पुरावा काय, आणि गुण कशाला देता. भूमिकेतला प्रत्येक मोठा परिच्छेद या चार पायऱ्या चढला पाहिजे. बहुतेक कागद पहिल्या पायरीवरच थांबतात.

लांबी आणि बांधणी

पूर्ण भूमिका ७०० ते ९०० शब्दांची ठेवा, छापून दोन पानं. संशोधनाचा भाग वेगळा, २५० ते ३०० शब्द. संकेतस्थळावर दोन्ही मिळून २०० शब्दांत मागतात तेव्हा वरच्यासारखा एक परिच्छेद आणि संशोधनाचा एक प्रश्न एवढंच द्या. सगळ्याचा सारांश देऊ नका, तो पुन्हा ‘सर्वांगीण विकासा’कडे घसरतो.

दोन पानांत लेखन म्हणजे तुमच्या मते काय याला १०० ते १५० शब्द पुरतात. सर्वांत जास्त जागा, निम्मी तरी, वर्गात काय घडतं याला द्या. उरलेल्यात मूल्यमापन, भाषा आणि जे अजून जमत नाही ते. ही शेवटची गोष्ट लिहायला लोक घाबरतात. ‘८० जणांच्या वर्गात प्रत्येकाशी खर्ड्यावर बोलणं मला जमत नाही, त्यासाठी मी असं करतो’ हे वाक्य अनुभवी परीक्षकाला विश्वासाचं वाटतं, कारण त्याच्याही वर्गात ८० जणच असतात.

वर्गाचं गणित लिहा

हा भाग कोणी लिहीत नाही आणि खरी भूमिका इथेच दिसते. नव्या शैक्षणिक धोरणात दोन क्रेडिटचा सिद्धान्ताचा पेपर म्हणजे ३० तास. वर्गात ८० विद्यार्थी धरा आणि सत्रात तीन स्वाध्याय. प्रत्येक वहीला पाच मिनिटं दिली तरी ८० गुणिले ३ गुणिले ५ म्हणजे १२०० मिनिटं, २० तास. दोन्ही खर्डे तपासायचे तर ४० तास. म्हणजे ३० तासांच्या पेपरला ४० तास तपासणी, तेही बाकीचे पेपर सांभाळून. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला वैयक्तिक मार्गदर्शन’ असं लिहिणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

जमेल असा हिशेब असा आहे. पहिल्या खर्ड्याला प्रत्येकी दीड मिनिट, फक्त एक प्रश्न. ८० वह्या, दोन तास. तीन स्वाध्यायांचे सहा तास. दुसऱ्या खर्ड्याला प्रत्येकी चार मिनिटं, गुण आणि दोन ओळी: तीन स्वाध्यायांचे १६ तास. एकूण २२ तास. हा आकडा भूमिकेत एका वाक्यात घाला. तुम्ही वर्गाचा विचार केला आहे हे त्यातून कळतं.

दोन खर्ड्यांच्या मधली पायरी म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांचं वाचणं. चौघांचे गट, ८० मध्ये २० गट. वर्गात २० मिनिटं लागतात: तीन वह्या प्रत्येकी पाच मिनिटं आणि आपल्या वहीवर काय आलं ते बघायला पाच मिनिटं. हे फसतं ते एकाच कारणाने. ‘अभिप्राय द्या’ म्हटलं की सगळे ‘छान आहे’ लिहितात. मैत्रिणीच्या लेखनाला वाईट कोण म्हणेल? म्हणून मत विचारायचंच नाही, काम द्यायचं. वाचताना जिथे थांबावं लागलं तिथे समासात रेघ मारा. लेखकाला एक प्रश्न लिहा. हा मजकूर कशाबद्दल आहे ते तुमच्या एका वाक्यात लिहा. तिसरं काम सर्वांत जड आहे. वाचकाने लिहिलेलं वाक्य आणि लेखकाच्या मनातलं वाक्य जुळलं नाही की लेखक आपणहून वही ओढून घेतो. गट हजेरी क्रमांकाने पाडा, नाही तर मित्र मित्रांकडेच बसतात.

मूल्यमापनाबद्दल लिहिताना आकडे द्या. २० गुणांचा स्वाध्याय असेल तर एक वाटणी अशी चालते: पहिला खर्डा वेळेवर आणि मनापासून लिहिला ५, वाचकाला कळेल असं लेखन ८, मुद्द्यांचा क्रम ४, शुद्धलेखन ३. शुद्धलेखनाला १० दिले की काय होतं? ज्या शब्दाच्या वेलांटीची खात्री नाही तो शब्दच मुलं टाळतात. वाक्यं आखूड होतात, शब्द ओळखीचे आणि गुळगुळीत होतात, आणि कागद निर्दोष पण कोरडा येतो. तुमची वाटणी वेगळी असेल तर खुशाल असू द्या, कारण मात्र लिहा.

‘मी भाकरी खाल्लो’: भाषेबद्दल काय लिहाल

सोलापुरात हा परिच्छेद टाळून चालत नाही. शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली विणकर घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतून कन्नड घेऊन मुलं येतात, उर्दू आणि दखनी शहरात आहेतच. त्यांच्या मराठी वह्यांत ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी अभ्यास केलो’, ‘खुर्ची मोडला’ अशी वाक्यं दिसतात. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच आहे, त्यांच्याही तोंडी ‘मी काम केलो’ असतं, कारण ती इथली बोली आहे.

चूक कुठून येते हे शिक्षकाला सांगता आलं पाहिजे. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलतं: मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळं खाल्लं. कन्नड आणि तेलुगूत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. म्हणून ‘मी आलो, मी गेलो, मी खाल्लो’ हा विद्यार्थ्याचा नियम आहे, आणि तो त्याने नेमाने पाळलेला असतो. लिंगाचं तसंच. निर्जीव वस्तूंची पुल्लिंग-स्त्रीलिंग अशी विभागणी त्या भाषांत होत नाही, त्यामुळे खुर्ची ‘ती’ का आणि दरवाजा ‘तो’ का हे घोकूनच कळणार. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये मिना शॉनेसी यांनी सुमारे ४००० प्रवेशनिबंधांतल्या चुका तपासल्या आणि दाखवून दिलं की अशा चुकांमागे बेफिकिरी नसते, विद्यार्थ्याने स्वतः बांधलेला तर्क असतो. लेखन-अध्यापनाच्या अभ्यासात ही गोष्ट पायाभूत मानली जाते. आपल्या वर्गाला ती चपखल लागू पडते.

तेव्हा भूमिकेत ‘विद्यार्थ्यांची अशुद्ध भाषा सुधारण्याचा प्रयत्न करतो’ असं लिहू नका. त्याने विद्यार्थी दुखावतो, आणि तुम्हाला कारण माहीत नाही असंही दिसतं. तीन गोष्टी स्पष्ट लिहा.

एक, प्रमाण भाषा कुठे सक्तीची. अर्ज, अहवाल, बातमी, परीक्षेचं उत्तर इथे ती हवीच, कारण नोकरी देणारा आणि पेपर तपासणारा ‘केलो’ला क्षमा करत नाही. ही अट दयाबुद्धीने लपवू नये, विद्यार्थ्याचं नुकसान होतं. दोन, बोली कुठे मोकळी. संवाद, व्यक्तिचित्र, आठवण. ‘काय करलालाव?’ हे वाक्य संवादात प्रमाण करून ‘काय करत आहात?’ केलं की बोलणारा माणूस मरतो. तीन, पहिल्या खर्ड्याची भाषा. टिपणं तेलुगू, कन्नड, उर्दू कशातही काढू द्या. विचार आणि भाषा दोन्ही एकाच वेळी उचलायला लावलं की दोन्ही सांडतात.

दुरुस्तीची रीतही लिहा. ‘खाल्लो’ प्रत्येक वेळी खोडण्यापेक्षा वापरातली दहा सकर्मक क्रियापदं निवडा: खाणे, करणे, वाचणे, पाहणे, लिहिणे, घेणे, देणे, ऐकणे, सांगणे, मागणे. प्रत्येकाची तिन्ही लिंगांच्या कर्मांबरोबर वाक्यं करून घ्या. आठवड्याला दोन क्रियापदं, पाच आठवडे, तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटं. मोठ्याने म्हणून घेतलं तर जास्त टिकतं, कारण ही चूक कानातून हातात आलेली असते. मात्र ‘शिकणे’ सकर्मक असून ‘मी कविता शिकलो’ आणि ‘बोलणे’ला कर्म असूनही ‘मी दोन शब्द बोललो’, असली अपवादांची भर त्याच आठवड्यात घालू नका. नियम बसायच्या आधी अपवाद आला की नियमच उडतो.

शुद्धलेखनाचंही असंच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ साली आलेले चार, असे १८ नियम एका तासात फळ्यावर उतरवून कोणाचं लेखन सुधारत नाही. सत्रासाठी दोन-तीन निवडा. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी-उकार दीर्घ (पाणी, कवी, गुरू; अपवाद: ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’) आणि सामान्यरूपात दीर्घाचा ऱ्हस्व होणं (गरीब-गरिबाला, फूल-फुलाला) या दोन नियमांनीच बऱ्याच चुका आटोक्यात येतात. त्या सत्रात लाल शाई फक्त याच नियमांना लागेल असं विद्यार्थ्यांना सांगा, आणि तसंच भूमिकेत लिहा.

चॅटजीपीटीबद्दल दोन ओळी हव्यातच

आता हा प्रश्न मुलाखतीत येतोच. ‘वापरास बंदी आहे’ एवढं पुरत नाही, आणि यंत्राने लिहिलेलं ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून विद्यार्थ्यावर आरोप करू नये, ती साधनं चुकतात. व्यवहारात चालणारी सोय अशी: पहिला खर्डा वर्गात, हाताने, २५ मिनिटांत. दुसरा खर्डा घरी, हवा तर टाइप करून. त्यासोबत अर्ध्या पानाची टीप: पहिल्यापेक्षा काय बदललं आणि का, कुठे कोणाची किंवा कशाची मदत घेतली. दोन्ही खर्डे एकत्र जोडून घ्यायचे. ज्याने दुसरा खर्डा स्वतः केला नाही त्याला ‘का’चं उत्तर लिहिता येत नाही.

संशोधनाचे विषय: आवड लिहू नका, प्रश्न लिहा

‘मराठी साहित्य, भाषाविज्ञान, लोकसाहित्य, माध्यमे’ अशी यादी म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटांची नावं. त्यातून तुम्ही काय शोधताय ते कळत नाही. प्रत्येक विषय तीन तुकड्यांत लिहा: प्रश्न कोणता, साहित्य कुठलं, पद्धत कोणती. आणि निदान एक प्रश्न तुमच्याच वर्गातून आलेला असू द्या, म्हणजे दोन्ही पानं एकाच माणसाने लिहिली आहेत असं वाटतं.

उदाहरणार्थ: ‘तेलुगू घरभाषा असलेले पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मराठी लिहिताना भूतकाळी क्रियापदाची जुळणी कशी करतात, आणि एका सत्रात त्यात काय बदल होतो? साहित्य: एकाच विद्यार्थ्यांचे सत्राच्या सुरुवातीचे आणि शेवटचे खर्डे. पद्धत: प्रत्येक सकर्मक क्रियापदाची नोंद करून बरोबर, चूक आणि टाळलेलं असं वर्गीकरण.’ यातलं ‘टाळलेलं’ महत्त्वाचं आहे. ज्याला खात्री नसते तो ‘मी वाचन केले’ अशी आडवाट काढतो, आणि मग ते टाळणंही मोजावं लागतं.

सोलापुरात असे प्रश्न पावलोपावली आहेत. कोर्टाबाहेर बसणारे टंकलेखक अशिलाचं बोलणं अर्जाच्या भाषेत कसं बसवतात, काय गाळतात? दुकानांच्या पाट्यांवर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यांचा क्रम आणि आकार कोणत्या पेठेत कसा बदलतो? यंत्रमाग कारखान्यातली नोंदवही कोण लिहितं, कोणत्या लिपीत, कोणते शब्द वापरून? १९३० च्या मार्शल लॉच्या आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी जे लेख आणि भाषणं होतात, त्यांत मांडणीचा साचा कसा घडतो? यांतला प्रत्येक प्रश्न लेखनाचा आहे. दोनच निवडा. पाच लिहिलेत तर एकही गंभीरपणे घेतला जाणार नाही.

विषय कागदावर घालण्याआधी शोधगंगेवर तो शोधा. पीएच.डी.चे प्रबंध तिथे खुले असतात. मराठी शीर्षकं काही वेळा रोमन लिपीत चढवलेली असतात, म्हणून देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहून बघा, आणि रोमनमध्ये स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हा करून बघा. सारखा विषय सापडला तर निराश होऊ नका, त्या प्रबंधाने काय केलं नाही ते एका वाक्यात तुमच्या कागदात लिहा.

विद्यार्थ्यांच्या वह्या संशोधनासाठी वापरायच्या तर लेखी संमती हवी, आणि ती निकाल लागल्यानंतर मागावी. गुण तुमच्या हातात असताना मागितलेल्या संमतीला ‘नाही’ म्हणायची कोणाची छाती होते? नाव, हजेरी क्रमांक, गाव, जात दर्शवणारा मजकूर झाकून मगच झेरॉक्स काढा. अकरावी-बारावीची मुलं असतील तर पालकांचीही सही लागते. हे सगळं संशोधनाच्या पानावर एका ओळीत यावं.

प्रकाशनांबद्दल लिहिताना जुनी सवय सोडा. ‘यूजीसी-केअर सूचीतील नियतकालिकात’ एवढ्यावर आता भागत नाही, मान्य नियतकालिकांची ती सूची यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक कोणतं, तिथे लेख तज्ज्ञ तपासतात का, लेखाचा प्रश्न काय होता, ते लिहा. साधर्म्याचंही, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचंही, भान ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साधर्म्य दंडास पात्र नाही, त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा चढत्या पायऱ्या आहेत. जो आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगतो, त्याची स्वतःची भूमिका इंटरनेटवरच्या नमुन्याशी जुळली तर त्याची जास्त लाज वाटायला हवी.

वाचून घ्या, मग पाठवा

खर्डा दोघांना वाचायला द्या. एक, दुसऱ्या विषयाचा सहकारी, रसायनशास्त्राचा असला तर उत्तम. त्याला तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आला का, एवढंच विचारा. दुसरा, मागच्या सत्रातला विद्यार्थी. त्याला विचारायचं, ‘यात लिहिलंय तसं वर्गात होतं का?’ तो ज्या वाक्यावर घुटमळेल ते वाक्य काढा. वर विद्यार्थ्यांसाठी सांगितलेली तीन कामं या दोघांनाही देता येतात.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडते आणि संकेतस्थळावर चिकटवता येत नाही. जुना मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार, ‘ऱ्या’ आणि वेलांट्या एकेक करून तपासा, रूपांतरात त्याच तुटतात. अक्षराचा आकार १२, ओळींत दीडपट अंतर, नाही तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. पाठवताना पीडीएफ करा आणि मोबाइलवर उघडून एकदा बघा, कारण निवड समितीतले बरेच जण ती तिथेच वाचतात. खाली महिना आणि वर्ष लिहा. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा सहा वह्या, चार रकाने आणि दीड तास. जुनी प्रत फेकू नका, नव्या प्रतीच्या मागे टाचून ठेवा.